सगळी माणसं खोटी, तर मग नथनेल?

पत्राचा सारांश: नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत पत्रलेखिका शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारी भरणाऱ्या बायबलच्या वर्गात, मोठ्या मुलांना शिकवतात. मध्यंतरी 'खरेपणा' हा धडा होता. आठवीतली एक मुलगी वहीत वचनं उतरवून घेऊन आली. स्तोत्र ११६ म्हणतं की सगळी माणसं खोटी आहेत. पौल रोमकरांना लिहितो की प्रत्येक माणूस खोटा ठरला तरी देव खराच ठरो. पण योहानाच्या शुभवर्तमानात येशू नथनेलाकडे पाहून म्हणतो, याच्या ठायी कपट नाही. तिनं विचारलं, "बाई, यातलं खरं कुठलं? आणि सगळी माणसं खोटी हे लिहिणाराही माणूसच होता ना?" वर्ग हसला. बाई गोंधळल्या आणि म्हणाल्या, "देवाच्या वचनात विसंगती नसते. असल्या शंका सैतान मनात घालतो." मुलगी खाली बसली. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसते, वही आणत नाही. बाईंनी घरी येऊन ती वचनं पुन्हा वाचली आणि त्यांनाही उत्तर सापडेना. "खरेपणाच्या वर्गात मीच खोटं बोलले," असं त्या लिहितात. पाळकसाहेब म्हणतात मुलं विसरतील, विषय वाढवू नका. नवरा म्हणतो वर्ग सोडून दे. आणि रात्री त्यांना वाटत राहतं की दोन वचनं जुळत नसतील तर बाकीच्यांवर तरी भरवसा कसा ठेवायचा.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. वचनं जुळतात का, हा एक. त्या मुलीचं काय करायचं, हा दुसरा. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात कसा घालायचा, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. दुसरा प्रश्न येत्या रविवारी सुटू शकतो, पहिल्याला थोडा वेळ लागला तरी चालेल. तरीही सुरुवात वचनांपासूनच करू, कारण त्या वहीसमोर तुम्ही इतके दिवस एकट्याच बसला आहात.

स्तोत्र ११६ आधी पूर्ण वाचा. अकरावी ओवी बाजूला काढून वाचली की ती एखाद्या सिद्धांतासारखी वाटते. सगळं स्तोत्र वाचलं की बोलणारा माणूस दिसतो. मरणाच्या पाशांनी त्याला वेढलं होतं, तो संकटात होता, खचला होता आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत तो म्हणाला की माणसं सगळी खोटी. आता तो वाचला आहे आणि तेव्हा आपण काय बोललो होतो ते आठवून सांगतो आहे. दुखावलेला माणूस 'काही जण' म्हणत नाही, 'सगळे' म्हणतो. स्तोत्रकर्त्यानं ते लपवलं नाही. आणि त्याच स्तोत्रात पुढे तोच माणूस म्हणतो की मी माझे नवस परमेश्वराच्या सर्व लोकांसमोर, यरुशलेमेत फेडीन. जगात एकही खरा माणूस उरला नाही, असं ज्याचं कायमचं मत झालंय तो चार लोकांना साक्षीला ठेवून नवस फेडायला कशाला जाईल? तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलं की लिहिणाराही माणूसच होता ना. हो, माणूसच होता, आणि म्हणूनच ते वाक्य तसं आलं आहे. तिचा प्रश्न त्या ओवीच्या नेमक्या जागी लागला होता.

पौलाचं वाक्य निराळ्या कामासाठी आलं आहे. रोमकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो एका प्रश्नाला उत्तर देतोय: काही लोक अविश्वासू निघाले म्हणून देवाचा विश्वासूपणा रद्द होतो का? तो म्हणतो, मुळीच नाही, प्रत्येक माणूस खोटा ठरला तरी देव खरा ठरो. वाक्याचा सगळा भार देवावर आहे. पुढे तो जुन्या करारातली वचनं एकापाठोपाठ एक मांडतो: कोणी नीतिमान नाही, एकही नाही, त्यांच्या जिभेवर कपट आहे. ही माळ तो कोणाला ऐकवतोय ते पाहा. 'आम्ही बरे, ते वाईट' असं म्हणणाऱ्यांना. यहूदी असोत वा हेल्लेणी (ग्रीक), देवापुढे उभं राहून कोणालाही स्वतःच्या सचोटीचा दाखला पुढे करता येणार नाही, असं त्याला म्हणायचंय. आणि हाच पौल याच पत्राच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत म्हणतो, मी ख्रिस्तात खरं बोलतो, खोटं बोलत नाही. तिसऱ्या अध्यायातलं वाक्य त्याला शब्दशः आणि प्रत्येक वेळेला लागू करायचं असतं, तर त्यानं ही ओळ लिहिलीच नसती. वाचणारे म्हणाले असते, मग तुझंही खोटंच.

या मुलीला पुढे कधीतरी नव्या करारातलं तीताचं पत्र, म्हणजे क्रेत बेटावर काम करणाऱ्या तीताला लिहिलेलं पत्र, हाती लागेल, तेव्हा तयार राहा. पहिल्या अध्यायात म्हटलं आहे की क्रेतकरांच्याच एका संदेष्ट्यानं म्हटलं आहे, क्रेतकर नेहमी खोटे, दुष्ट पशू, आळशी आणि खादाड. आणि लगेच पुढे: ही साक्ष खरी आहे. प्राचीन लेखकांनी हे वाक्य क्रेत बेटावरच्या एपिमेनिदेस या माणसाचं मानलं. क्रेतकर म्हणतो की सगळे क्रेतकर खोटे. मग तो खरा की खोटा? तर्कशास्त्र शिकणाऱ्यांना हे कोडं आजही घालतात. वर्गात मुलांना ते सोडवू द्या, त्यांना आवडेल.

मला मात्र त्या ओळीची काळजी वेगळ्याच कारणानं वाटते. एखाद्या सगळ्या लोकसमूहाला 'खोटे' म्हणणारी ओळ पवित्र शास्त्रात आहे, आणि ती तशीच उचलून कोणावरही लावता येते. आपल्याकडे हे घडलेलं आहे, शास्त्राच्या नव्हे तर कायद्याच्या आधारानं. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा लोकांना हजेऱ्या द्याव्या लागल्या, सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२ साली कायदा गेला. पण आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालांकडे वळते ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या वर्गात अशा घरातलं लेकरू बसलेलं असू शकतं. 'हे लोक नेहमी खोटे' ही ओळ त्याच्या कानावर कशी पडेल, याचा विचार ती वाचण्याआधी करायला हवा.

आणि पत्र स्वतःच तसं वाचू देत नाही. त्या ओळीच्या काही ओव्या आधी, पाचव्या ओवीपासून, तीताला काम काय सांगितलंय? क्रेत बेटावरच्या नगरोनगरी वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेम. ते कसे असावेत? निर्दोष, न्यायी, चांगल्याची आवड असलेले, विश्वसनीय वचनाला धरून राहणारे. हे वडील आणायचे कुठून? क्रेतकरांतूनच. सगळेच्या सगळे क्रेतकर खोटे असते तर तीताला दिलेलं काम सुरूच झालं नसतं. एकाच पानावर कडू सामान्य विधानही आहे आणि त्याच लोकांतून विश्वासू माणसं सापडतील हा भरवसाही आहे. स्तोत्र १४ तसंच. सत्कर्म करणारा कोणी नाही, एकही नाही, असं म्हणणारं ते स्तोत्र पाचव्या ओवीत सांगतं की देव नीतिमानांच्या पिढीबरोबर आहे. लिहिणाऱ्याला दोन्ही ओळी दिसत होत्या. त्यानं एकीसाठी दुसरी खोडली नाही.

आता नथनेल. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मर्म मला इथे दिसतं.

येशूनं त्याला 'याच्या ठायी कपट नाही' असं म्हटलं, त्याच्या आधी नथनेलानं काय केलं होतं? फिलिप्प त्याला सांगत आला की आम्हाला तो सापडला, नासरेथचा येशू. नथनेल फटकन म्हणाला, नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का? हे वाक्य काही फार चांगलं नाही. एका गावाबद्दलचा पूर्वग्रह आहे तो. पण जे मनात होतं ते त्यानं ओठावर आणलं, आणि 'येऊन पाहा' म्हटल्यावर उठून पाहायलाही गेला. शंका गिळून, फिलिप्पाला बरं वाटावं म्हणून, 'वा, फार छान' असं तो म्हणाला नाही. त्याच्या चुकलेल्या मतासकट येशूनं त्याला निष्कपट म्हटलं.

त्याच प्रसंगात पुढे येशू स्वर्ग उघडलेलं आणि देवदूत चढता-उतरताना पाहाल असं सांगतो. शब्बाथ शाळेत वाढलेल्या कोणालाही याकोबाची शिडी आठवेल, त्याच्या स्वप्नात देवदूत जिच्यावरून चढत-उतरत होते ती. याकोब म्हणजे कोण? आंधळ्या बापासमोर करडाची कातडी हातावर बांधून 'मी तुमचा थोरला एसाव' म्हणणारा. इस्राएल हे नाव पुढे त्यालाच मिळालं. त्या फसवणाऱ्या बापजाद्याच्या वंशात निष्कपट इस्राएली उभा आहे, असं योहान दाखवतो. माणूस खोटा असतो हेही त्या गोष्टीत आहे आणि माणूस निष्कपट होऊ शकतो हेही.

'कपट नाही' याचा अर्थ आयुष्यात कधी खोटं बोललाच नाही, असा आपण धरतो, आणि तिथेच वचनं एकमेकांवर आदळायला लागतात. स्तोत्र ३२ वाचा. त्याच्या दुसऱ्या ओवीत म्हटलंय की ज्याच्या आत्म्यात कपट नाही तो धन्य. हा माणूस कोण? पुढची ओवी सांगते: मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, दिवसभर मी कण्हत होतो. मग मी माझं पाप तुझ्यापाशी कबूल केलं, माझी अनीती लपवून ठेवली नाही. म्हणजे ज्यानं लपवलं होतं आणि मग लपवणं सोडलं त्याला इथे निष्कपट म्हटलंय. परंपरेनं हे स्तोत्र दाविदाचं मानलं जातं. बथशेबेच्या प्रकरणानंतर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईवरून घरी बोलावून, खाऊपिऊ घालून, आणि ते साधेना तेव्हा मृत्यूच्या तोंडी धाडून ज्यानं सगळं झाकायचा प्रयत्न केला, तोच हा दावीद. नाथान संदेष्ट्यानं समोर उभं राहून 'तो मनुष्य तूच' म्हटल्यावर त्याचं झाकणं संपलं. योहानाच्या पहिल्या पत्रातही हेच आहे. आपल्या ठायी पाप नाही असं म्हणालो तर आपण स्वतःलाच फसवतो, आणि पापं कबूल केली तर तो क्षमा करायला विश्वासू आहे. शास्त्राच्या दृष्टीनं खरा माणूस तो, जो आपल्यातला खोटेपणा उघड्यावर आणायला तयार आहे. असं वाचलं की स्तोत्र ११६, रोमकरांचं पत्र आणि नथनेल एका वर्गात शेजारीशेजारी बसू शकतात.

सगळं असं जुळतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं होणार नाही. इब्री मुलगे जन्मताच मारा असा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम होता; तो न पाळणाऱ्या सुइणी शिप्रा आणि पुवा यांनी फारोला सांगितलं की इब्री बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात, आणि देवानं त्यांचं भलं केलं. यरीहोतल्या राहाबेनं इस्राएली हेरांना छपरावर तागाच्या काड्यांखाली लपवलं आणि राजाच्या माणसांना खोटी दिशा दाखवली. नव्या करारात इब्री लोकांस पत्र तिचा विश्वास वाखाणतं आणि याकोबाचं पत्र तिचं कृत्य. मग खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेचं काय? प्राचीन चर्चमधला धर्मपंडित ऑगस्टिन यानं खोटं बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक साधारण ३९५ मध्ये आणि दुसरा ४२०च्या सुमारास. त्याचं म्हणणं की सुइणींना फळ मिळालं ते दयेचं, खोट्याचं नाही, आणि खोटं हे कधीही पापच. त्याच काळातल्या जॉन कॅशियन या मठवासी गुरूनं राहाबेचंच उदाहरण घेऊन म्हटलं की जीवघेण्या प्रसंगी खोटं हे विषारी औषधासारखं घ्यावं लागतं. सोळाशे वर्षं झाली, चर्चमध्ये दोन्ही मतं आहेत. आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा'वरून पिढ्यान्‌पिढ्या जी चर्चा चालते, तिच्याच जातीची ही आहे. माझा कल विचाराल तर तो सुइणींच्या बाजूनं. मारेकऱ्याला लेकराचा पत्ता सांगणं हा खरेपणा, असं मला शास्त्रात कुठेच वाचायला मिळालेलं नाही. पण तुमच्या वर्गातलं एखादं मूल ऑगस्टिनसारखं बोललं तर त्याला चूक ठरवू नका.

तुमच्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते. दोन वचनं जुळत नसतील तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? ताई, एक वीट सरकली की अख्खी भिंत पडते, ही कल्पना तुम्हाला कोणी दिली? शास्त्र ज्यांनी जपलं आणि ओळीनं लावलं त्यांना तशी भीती नव्हती. नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय काढा. चौथी ओवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. लागोपाठ! कोणाच्या नजरचुकीनं हे झालेलं नाही. आपण 'मौनं सर्वार्थसाधनम्'ही म्हणतो आणि बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असंही म्हणतो. कुठली म्हण कुठे लावायची हे शहाणपण माणसानं कमवायचं असतं. चारही शुभवर्तमानांनी पेत्राचं खोटं लिहून ठेवलं आहे. मंडळीचा सगळ्यात मोठा प्रेषित, मुख्य याजकाच्या अंगणात, एका दासीच्या साध्या प्रश्नाला घाबरून येशूबद्दल 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला. ज्यांना शास्त्र गुळगुळीत करायचं होतं त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा गाळली असती. माझा भरवसा या न गाळण्यावर आहे.

शंका घेणं सैतानाचं काम, हे वाक्य तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, म्हणूनच ते घाईत तुमच्या तोंडून निघालं. पण आपल्याच मातीतली पंडिता रमाबाई आठवा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला तर थक्क व्हायला होतं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चमत्कार, चर्चचा अधिकार, कशावरही त्या प्रश्न विचारत होत्या. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी मानणार नाही, माझी सद्सद्विवेकबुद्धी मला मोकळी हवी, हे त्यांनी आपल्या शिक्षिकांना स्पष्ट कळवलं. त्यांना हट्टी, गर्विष्ठ म्हटलं गेलं. आणि याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, ते काम छापून १९२४ साली लोकांच्या हाती आलं. मुक्तीतल्या बायकामुलींनी त्याचे टाइप जुळवले. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईंनीच आपल्याला हे दिलं. तुमच्या वर्गातली वही घेऊन येणारी मुलगी तुम्हाला धोका वाटली, यात मला नवल वाटत नाही. पण ती धोका नाही हो. अशा मुली मंडळीत फार थोड्या येतात, आणि गप्प बसवल्या की परत येत नाहीत.

आता रविवारचं. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

वर्ग सोडणं ही नवऱ्यानं सुचवलेली वाट. त्यांना तुमची झोप मोडलेली दिसतेय, म्हणून ते म्हणत असतील, त्यामागची माया ओळखा. पण वर्ग सोडलात तर त्या मुलीला कळेल काय? मी प्रश्न विचारला आणि बाई गेल्या. तो भार आठवीतल्या पोरीच्या खांद्यावर जाईल. शिवाय पेत्राचं पुढे काय झालं ते तुम्हीच मुलांना शिकवलं असेल. तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि दर वेळी काम सोपवलं. पहिल्यांदा सोपवलं ते हेच: माझी कोकरं चार. खोटं बोलून झाल्यावर लेकरांचं काम काढून घेतलं नाही, उलट दिलं.

कुठूनतरी पक्कं उत्तर पाठ करून येणं, आणि पुढच्या वर्गात ते ऐकवून मुलीचं तोंड बंद करणं, ही दुसरी वाट. वर मी जे लिहिलंय ते असं वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिला उत्तर मिळेल, पण बाईंनी त्या दिवशी आपल्याला सैतानाच्या बाजूला का बसवलं ते कळणार नाही. तिचं दुखणं तिथं आहे.

तिसरी वाट अवघड आहे आणि मी तीच सुचवते. वर्गासमोर म्हणा, कारण तिला गप्प केलं तेही वर्गासमोर. लांबलचक नको. "त्या दिवशी हिनं चांगला प्रश्न विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची मला भीती वाटली, म्हणून मी शंका सैतानाकडून येते असं म्हणाले. ते बरोबर नव्हतं. माझं चुकलं. आता आपण सगळे मिळून ती वचनं वाचू या." एवढं पुरे. मुलीकडून लगेच माफीची अपेक्षा धरू नका, तिला उभं करून 'मग, आता रागवली नाहीस ना?' असंही विचारू नका. वर्ग संपल्यावर तिला एकटीला गाठून फक्त एवढं म्हणा की तुझी वही पुन्हा आण, मला ती पाहायची आहे. ती आणायला वेळ लावेल. लावू द्या.

तुम्हाला भीती वाटत असेल की मुलांच्या नजरेतला तुमचा मान कमी होईल. आपल्याकडे शिक्षकानं 'मला येत नाही' म्हणणं अवघड जातं, शाळेत, घरात, देवळात, सगळीकडेच. पण तेराचौदा वर्षांच्या मुलांना मोठी माणसं कधी टोलवाटोलवी करतात ते बरोबर कळतं. तुमच्या वर्गाला ते त्याच दिवशी कळलं. मान तेव्हा गेला असेल तर तो आता परत येईल.

पाळकसाहेबांना आधी भेटा. परवानगी मागायला नको, सांगायला जा. त्यांच्या मागे उभी अख्खी मंडळी आहे, एखाद्या आईवडिलांनी तक्रार केली तर ती त्यांच्याकडे येणार, म्हणून त्यांना आधी कळलेलं बरं. "मी मुलांना शास्त्रात चुका दाखवणार नाही, मी माझी चूक सांगणार आहे" हे वाक्य त्यांना आश्वस्त करेल. ते तरी नको म्हणाले, तर वर्गात वचनांची चर्चा काही दिवस पुढे ढकला, पण मुलीची माफी पुढे ढकलू नका. ती तुमची आणि तिची गोष्ट आहे, तिला कमिटीचा ठराव लागत नाही. मुलीच्या आईलाही एक शब्द कळवा, नाहीतर घरी जाऊन मुलगी सांगेल आणि आईला वाटेल पोरीनं काही उद्धटपणा केला.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी, आणि ज्यांच्या घरात अशी वही घेऊन बसणारं लेकरू आहे अशा सगळ्यांसाठी एक सवय सांगते. ती कुठल्याही धर्मग्रंथाला चालेल. अडलेली ओळ एकटी वाचू नका. हे कोण बोलतंय, कोणाला, कुठल्या वेळी, एवढं आधी शोधा, आणि तोच अध्याय शेवटपर्यंत वाचा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. जी मिटत नाहीत ती एका कागदावर लिहून वर्गाच्या भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसतील अशी. मुलांना कळू द्या की मंडळीत न सुटलेल्या प्रश्नालाही जागा असते. आणि मुलानं विचारलेल्या प्रश्नावर कोणी हसलं, तर आधी हसणाऱ्याला थांबवा, मग प्रश्नाकडे वळा.

एक राहिलं. पुढच्या वर्गात वचनं घ्याल तेव्हा राहाबेपासून सुरू करू नका, चर्चा लगेच 'खोटं कधी चालतं' इकडे जाईल आणि मुलं परीक्षेतल्या कॉपीपर्यंत जाऊन पोचतील. आधी स्तोत्र ११६ पूर्ण, मग योहानाचा पहिला अध्याय पंचेचाळिसाव्या ओवीपासून, आणि त्यानंतर स्तोत्र ३२. नथनेलाचं 'नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का' हे वाक्य, तयार असेल तर, त्याच मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा.